डाव्या बाजूची बाई

"मावशी, तोंड धुऊ नका हं. असंच राहू द्या, तेलकट."

मॅडम मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभ्या. मी नुकती पोळ्या लाटून ओट्यापासून वळले होते. मला खिडकीकडे पाठ करून उभं केलं, म्हणजे अजून काळी दिसेन. हसू नका म्हणाल्या. हनुवटीला दोन बोटं लावून तोंड खाली दाबलं. आणि ती बोटं लगेच टिशूला पुसली. माझ्यासमोर.

लोअर परळच्या टॉवरमध्ये मी स्वयंपाकाला जायचे. मॅडम मोबाइलवर क्रीम, पावडरी दाखवायच्या. लाखो बायका बघायच्या. हे कशासाठी चाललंय ते मला कुणी सांगितलं नाही.

व्हिडिओ आला तेव्हा कळलं, गोरं करायच्या क्रीमची जाहिरात होती ती. डावीकडे माझा चेहरा, उजवीकडे मॅडमचा. वर लिहिलेलं, 'असं दिसायचंय की असं?' माझ्या मुलीला तो वर्गातल्या पोरींनी दाखवला. घरी येऊन ती जेवलीच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पोट कुणाला चुकलंय?

आमच्या चाळीतली सायली, लग्न ठरलेली पोर. सासरचे बघायला आले तेव्हाच त्यांनी रंगावरून टोमणा मारलेला. नळावर मला म्हणाली, "काकी, ते क्रीम खरंच चालतं का गं? ती तुझी मॅडम काय, पैसे मिळाले की काहीपण बोलेल. तू हो म्हण, लगेच मागवते."

म्हणून मी मॅडमना विचारलं, "तुम्ही हे रोज लावता ना?"

त्या हसल्या. "वेड्या आहात का मावशी? एकदा लावलं तर आग आग झाली चेहऱ्याची. ते फक्त दाखवायला."

त्याच दिवशी मला दुसऱ्या व्हिडिओसाठी बसवलं. तोंडावर पांढरा थर थापला. समोर दिवे. मॅडम म्हणाल्या, "म्हणा, एका महिन्यात मी उजळले. तुमच्यासारखीने सांगितलं ना, की लोकांना खरं वाटतं."

तुमच्यासारखीने.

माझं डोकं सणकलं. कुरूप दाखवायला मी, आणि खोट्याला साक्ष द्यायलाही मीच. एवढे लाखो बघणारे जमवले, पण विश्वास नळावरच्या बाईकडून उसना घ्यायचा. आणि आग होणार सायलीच्या तोंडाची.

कॅमेऱ्यात बघून मी म्हणाले, "मी हे कधी लावलेलं नाही. मॅडमपण लावत नाहीत. आग होते म्हणतात."

मॅडमनी दिवे बंद केले. "हे कुठे दिसणार नाही, कळलं? आणि उद्यापासून येऊ नका. तुमचं ऐकतंय कोण?"

तशीच रंगवलेल्या तोंडाने चाळीत आले. लोक टकमक बघत होते. सायलीला सगळं सांगितलं. तिची आई मध्येच म्हणाली, "एवढी लाखो माणसं काय येडी हत? तुझा काम गेला म्हणून बोलतंस तू." सायली मोबाइलवर तेच क्रीम बघत राहिली. मागवणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

घरी गेले. तोंड खसाखसा धुतलं. दाराबाहेर उजेडात स्टूल टाकून बसले आणि मुलीच्या हातात मोबाइल दिला. मी बोलेन ते रेकॉर्ड कर, म्हटलं. चाळीच्या ग्रुपवर टाक, त्या व्हिडिओखाली टाक, जमेल तिथे टाक.

"आई, सगळे परत हसतील."

"हसू देत. तू मोबाइल नीट धर."