वहिनीच्या गालांवरचे वांग

माझ्या वहिनीचा चेहरा मी बिघडवला. घरात हे मी आजवर कबूल केलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला खारी गावात दोन खोल्यांत राहायचो. आई, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. वहिनी संगमेश्वरकडची. सावळी, नाकीडोळी नीटस. स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात ती भट्टीच्या बाजूला कामाला होती. धाकटी पोटात असताना तिच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उठले. बाळंतपण झालं, मुलगी रांगायला लागली, तरी डाग गेले नाहीत. उलट गडद झाले.

आईचं म्हणणं, ही तोंड नीट धूत नाही. ती वहिनीला मोरीपाशी बसवून लिंबाच्या सालीने गाल घासायला लावायची. "अजून घास, मळ आहे तो." वहिनी घासायची, गाल लालबुंद व्हायचे आणि आठवडाभरात डाग आणखी काळे दिसायचे. दादा तिचा फोटो काढताना म्हणायचा, "जरा तिकडे वळ ना." एकदा मी म्हटलं, "दोन्हीकडे सारखंच आहे, कुठे वळणार ती?" आम्ही सगळे हसलो. वहिनीही हसली. तिला हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी मीरा रोडला एका पार्लरमध्ये नोकरी करायचे. माझं लग्न ठरलं आणि वरसाव्याच्या एका हॉलमध्ये साखरपुडा करायचं नक्की झालं. मुलाकडची माणसं दिसायला उजळ. मला रात्रंदिवस एकच घोर, फोटोत वहिनी माझ्या शेजारी उभी राहणार. शेवटी मी तिला सांगितलंच, "तू फोटोत जरा मागे राहा हं. राग मानू नकोस, पण ते लोक विचारतील, हिला काही रोग आहे का."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या पार्लरात काही औषध नसतं का गं याच्यावर?"

होतं. आमची मालकीण मेडिकलमधून तीन-चार ट्यूब आणायची, मागच्या खोलीत एकत्र घोटायची आणि बिनलेबलच्या पांढऱ्या डब्यांत भरायची. "दो हफ्ते में देखना," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. दोन आठवड्यांत चेहरा खरंच उजळायचा. सहा महिन्यांनी त्याच बायका ओढणीने तोंड झाकून परत यायच्या. गाल लाल, पुरळ आलेले, उन्हात आग होतेय म्हणून सांगायच्या. मालकीण त्यांना आणखी एक डबी द्यायची. हे सगळं मी रोज पाहत होते. तरी मी वहिनीला डबी नेऊन दिली.

साखरपुड्याच्या दिवशी तिचे गाल इतके तुकतुकीत होते की माझ्या सासूबाईंनी तिलाच विचारलं, "काय लावता हो?" ती लाजली. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आपल्या दिसण्याचं कौतुक तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दादाने आपणहून तिच्यासोबत फोटो काढून घेतले.

पुढे ती डबी सोडेना. दोन दिवस लावलं नाही तर चेहरा जळायचा, म्हणून ती पुन्हा लावायची. माझं लग्न होऊन मी मीरा रोडला राहायला गेले, तरी दर महिन्याला शेअर रिक्षाने खारीला जाऊन डबी पोचवत होते. वर्षभराने तिच्या गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. आतल्या लाल शिरा दिसायच्या, हनुवटीवर लव वाढली होती. आणि डाग परत आले, पहिल्यापेक्षा काळे, कपाळापर्यंत. आई म्हणाली, "हव्यास, दुसरं काय." दादाने मला विचारलं, "हे तुझ्या क्रीमने झालं का?"

मी म्हटलं, "मी एकच डबी दिली होती. बाकी तिने कुठून आणलं, तिलाच माहीत."

वहिनी दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

पुढच्या आठवड्यात तिने मला फोन केला. "त्वचेच्या डॉक्टरकडे जायचंय. तू चल. ती डबी घेऊन चल." नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून तिचे गाल पाहिले, डबी उघडून वास घेतला. "यात स्टेरॉइड असणार. कोणी दिलं?"

"ही बसलीय समोर. तिलाच विचारा," वहिनी म्हणाली.

डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही स्वतः लावता का हे?" मी मानेनेच नाही म्हटलं. मग त्या तिच्याशी बोलू लागल्या. हे वांग आहेत, मळ नव्हे. गरोदरपणात, उन्हाने, भट्टीच्या धगीने कातडीत रंग जास्त बनतो. घासलं की तो आणखी वाढतो. ही डबी आता बंद, पण एकदम सगळं थांबवलं तर आग होईल, म्हणून त्या सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. साधं मलम लावायचं, घरातून निघताना सनस्क्रीन, डोक्यावर छत्री, भट्टीपासून लांबचं काम. आधी कातडी भरून येऊ दे, डागांचं औषध मग. "पूर्ण जातील का?" वहिनीने विचारलं. "फिके होतील. वेळ लागेल. शिरांचं मी वचन देत नाही."

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

नोकरी मी लगेच सोडली नाही. त्यानंतरही चार महिने मी त्या डब्या विकल्या. हप्ते होते, नवऱ्याला काय सांगणार होते, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. सोडली ती पार्लर बंद पडल्यावर.

वहिनीने कारखान्यात भांडून पॅकिंगचं काम मागून घेतलं. पहिले दोन महिने तिचा चेहरा इतका सुजून लाल व्हायचा की धाकटी तिच्याजवळ यायला रडायची. दादा बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. तरी तिने पुन्हा डबीला हात लावला नाही. आता डाग बरेच फिके आहेत, शिरा तशाच.

मी गेले की ती चहा करते, बोलते. मागच्या गणपतीत थोरलीला नटवताना मी पावडरचा डबा उचलला. मुलगी आईसारखीच सावळी आहे. वहिनी स्वयंपाकघरातून आली, माझ्या हातातून डबा घेतला आणि आईच्या, दादाच्या देखत म्हणाली, "माझ्या मुलीच्या तोंडाला हात लावायचा नाही."

आई म्हणाली, "एवढं काय झालं गं?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी बोलेन म्हणून थांबली असावी. मी मुलीच्या वेणीला गजरा माळायला घेतला.