कुसळं देवाची

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. रानातून आलं की लुगड्याला कुसळं चिकटलेली असतात, तसे ते चिकटतात. मी मुद्दाम चिकटू देते असं आमच्या गल्लीचं म्हणणं. असू दे!

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून फॉरेस्टचा गार्ड किसन राहायचा. एका सकाळी मी भिंतीपाशी उभी होते. कान लावून नव्हे, भिंतच पातळ! पलीकडे किसन बायकोला सांगत होता, "सायेब म्हनला, आता नदीकाठच्या रानात बायांना बंदी, म्हंजी..."

तेवढ्यात त्या माउलीनं स्टोला पंप मारला. पुढचं सगळं फरफर!

अर्धी बातमी मी नळावर नेली. नळावर ती पूर्ण झाली. दुपारपर्यंत तर बातमीतल्या रानात पोलीसही बसले होते!

*

धास्ती खरी घेतली ती दुसऱ्या बाजूच्या शेजारणीनं, मालननं. प्रवरेकाठचं हे रान फॉरेस्टनं तार ठोकून राखलेलं. आत छान पायवाटा. आम्ही चौघं रोज सकाळी तिथे फेरी मारायचो. मालनला आजारपणानंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. उभ्या दिवसात बिनकामाचा असा तिला तेवढाच एक तास.

तिच्या सासूबाई, आक्का, डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, "चालायचंच हाय तर चार हंडे जादा आनंल की!"

"हंड्याशिवाय चालायचं, आक्का."

"हंड्याबिगर?" आक्कांनी असं तोंड केलं, जणू डॉक्टरांनी सुनेला तमाशात नाचायला सांगितलं!

*

आमच्यातले तिसरे तात्या, रिटायर कंपाउंडर. त्यांना पक्षी बघायची भारी हौस आणि बिबट्याची त्याहून भारी भीती. म्हणून हातात पितळी थाळी आणि पळी. वाटभर ठणाणा! फेरी संपली की मग तक्रार, "सरकारनं एवढं रान राखलं, पण पाखरू म्हणून एक ठेवलं नाही!"

*

चौथे ड्रॉइंगचे गुरुजी. रानात मौन पाळावं, हे त्यांचं तत्त्व. फाटकापासून पार डोहापर्यंत ते आम्हाला हे तत्त्व समजावून सांगत, तात्यांच्या थाळीवर आवाज चढवून.

एकदा मालन म्हणाली, "गुरुजी, आज पाळूनच बघू या का?"

गुरुजी गप्प झाले. पुढच्या जांभळीपर्यंत टिकले. मग म्हणाले, "तर मौनाचं असं आहे बघा..."

*

रानाच्या पोटात जुनी देवराई आहे. देवाच्या रानातली काडीही बाहेर न्यायची नाही, हा इथला रिवाज. कुसळसुद्धा नाही! म्हणून निघताना आम्ही फाटकापाशी बसायचो, निऱ्या आणि धोतराचे सोगे निवडायचो, आणि कुसळं आत टाकून मगच बाहेर पडायचो.

आक्का पडल्या श्रीगोंद्याकडच्या, उघड्या माळावरच्या. त्यांना हे काय पटणार! मालन घरी आली की झोपाळ्यावरून तिच्या मामंजींचा आवाज यायचा, "बघ गं नीट, खरंच रानात गेल्ती का!" की आक्का उंबऱ्यातच तिच्या निऱ्या तपासायच्या.

"एक कुसळ न्हाई! कुनाच्या वट्यावर बसली हुतीस?"

"देवाची असतात, आत्याबाई. तिथंच टाकून येतो."

"व्हय का! तुमचा देव कुसळं बी सोडंना?"

*

शेवटी साहेबांची जीप आली. साहेबांनी खाली न उतरता रान बघितलं, एक जांभई दिली, आणि जीप गेली. मग किसननं हुकूम सांगितला. बंदी नाही, पण बिबट्या फिरतोय, म्हणून तरण्या बायांनी घरचं वडीलधारं माणूस सोबत आणायचं. जणू वडीलधारं दिसलं की बिबट्या वाकून नमस्कारच करतो!

"आणि मी?" मी विचारलं.

किसननं मला खालवर बघितलं. "तुमी चालंल, काकू. एकल्या आल्या तरी."

माझी बातमी निम्मी खरी निघाली, आणि उरलेल्या निम्मीनं माझं वय काढलं!

पण मालनचा चेहरा पडला. घरचं वडीलधारं म्हणजे आक्काच. "गेला माझा तास, काकू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आक्का हजर. "तिच्या मागंमागं फिर," असं मामंजींनी बजावून पाठवलेलं. फाटकाच्या आत नदीकडे तोंड करून एक दगड आहे. आक्का त्यावर टेकल्या. कमरेची मिश्रीची डबी काढली, पाण्याकडे बघत बसल्या. हाताला काम नाही, हाक मारणारं कोणी नाही. मग म्हणाल्या, "सूनबाई, तू हो म्होरं. बिगीबिगी येऊ नगंस."

आम्ही अख्खी फेरी मारून आलो, तरी आक्का तिथेच. चक्क गुणगुणत होत्या!

आम्ही कुसळं निवडायला बसलो. आक्कांच्या लुगड्याला एकही नव्हतं. मालननं आपल्या निऱ्यांतली मूठभर काढली, आणि देवाकडे टाकायची सोडून आक्कांच्या काठाला लावायला लागली.

"अगं, देवाची न्हवं का ती!" आक्का दचकल्या.

"घरी मामंजी बघतील."

आक्कांनी एकदा देवराईकडे बघितलं. हात जोडले. मग उठून मालनकडे पाठ केली.

"मागनंबी लाव."