मानवतचे अकरा कागद

तारीख १४ मार्च १९८९, मंगळवार. रक्कम तेहतीस रुपये. हजर तिघे – मी, आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई खाजाभाई आणि मानवतच्या कदम गुरुजींच्या पत्नी. हे आधीच नोंदवतो, कारण पुढचं सांगताना मला माझाच भरवसा वाटत नाही. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. जे तराजूवर येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच.

मी तेव्हा परभणीत एका संशोधन केंद्रात तांत्रिक सहायक होतो. पुण्याच्या एका संस्थेबरोबर आमचं काम चाले. त्यांचा कॉम्प्युटर हवेतल्या धुळीचा अंदाज काढायचा, आम्ही प्रत्यक्ष मोजून आकडे पाठवायचो, दोन्ही मिसळून अंदाज सुधारायचा. मोजलेला आकडा अंदाजाच्या तिपटीहून जास्त आला तर चूक समजून काटायचा आणि तिथे अंदाजाचाच आकडा भरायचा, असा नियम होता.

मानवत गावातलं धूळ मोजायचं यंत्र शाळेच्या गच्चीवर होतं. शेजारी भिंतीला भिंत लागून कापसातली सरकी काढणारं जिनिंग. मी कोरा कागद तोलून, पाकीट सीलबंद करून पाठवायचो. त्या शाळेतले कदम गुरुजी तो यंत्रात लावत, चोवीस तास त्यातून हवा ओढली की परत पाठवत. वाढलेलं वजन म्हणजे धूळ. ग्राह्य आकड्यामागे गुरुजींना तीन रुपये.

डिसेंबरात मानवतचे सलग अकरा आकडे तिपटीच्या वर गेले. पहिला ४१२ मिलिग्रॅम, अंदाज १३०. मी लाल शाईने अकराही काटले. कळल्यावर गुरुजी एस.टी.ने परभणीला आले.

"साहेब, तिसरीचा वर्ग त्या भिंतीलाच हाय. पोरायला लय खोकला. वर्ग हलवा म्हणून अर्ज दिलाय, तर वरचे तुमचा तक्ता मागायलेत. आकडे काटू नका."

"नियम आहे, गुरुजी. कॉम्प्युटर इतकी धूळ दाखवत नाही."

"मग त्याला म्हणावं, एक दिवस तिसरीत येऊन बस. हजेरी मी लावतो!" हसता हसता त्यांनाच ढास लागली. खाजाभाईंनी पाणी दिलं...

मी अंदाजाने भरलेला तक्ता पाठवला. अर्ज नामंजूर झाला. जानेवारीच्या अखेरीस गुरुजी दम्याने गेले. धुळीमुळेच गेले असं मी म्हणत नाही. ते मोजलेलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला यंत्र परत आणायला गेलो. गुरुजींनी न वापरलेली पाकिटं त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, काढून दिली. अकरा. सील शाबूत, वर माझीच सही. जमा करण्याआधी वजन घ्यावं लागतं, म्हणून परभणीत पहिलं फोडलं. कागद पांढराशुभ्र... आणि ४१२ मिलिग्रॅमने जड.

दमटपणा असेल म्हणून सगळे चोवीस तास कोरड्या भांड्यात ठेवले. तराजू तपासला. त्याच खोक्यातले, परभणीतच राहिलेले कागद तोलले – फरक शून्य. मग खाजाभाई तराजूवरचे आकडे वाचत गेले, मी डिसेंबरच्या वहीत बोट ठेवून होतो. अकराही तेच. त्याच क्रमाने.

"साहेब," खाजाभाई हळूच म्हणाले, "कागदावर कायच न्हाई. मंग आपण तोललं काय?"

मी काटलेले आकडे पुन्हा लिहिले, प्रत्येकापुढे सही केली आणि दुरुस्त तक्ता पुण्याला आणि अर्ज नाकारणाऱ्या कार्यालयाला, दोन्हीकडे पाठवला. कारणाच्या रकान्यात 'मूळ मोजणी बरोबर होती' एवढंच लिहिलं. जूनमध्ये तिसरीचा वर्ग हलला.

दोन प्राध्यापकांना विचारलं. दोघंही दमटपणाच म्हणाले. दमटपणाला माझी वही कशी वाचता आली, ते मला आजही कळलेलं नाही.

त्या मंगळवारी, १४ मार्चला, मी पैसे पुढे केले तेव्हा वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "आकडे परत लिवले का, भाऊ?"

"लिहिले."

मग त्यांनी पावतीवर सही केली. अकरा मोजण्या, दर तीन रुपये, एकूण तेहतीस. कै. कदम गुरुजींचे मानधन, पत्नीस रोख.