तेरच्या हौदातला समुद्र

तेरच्या शाळेत मी समुद्र शिकवायचो. वर्गातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता, आणि वर्गाबाहेरच्या कुणाला तो पाहायची गरज वाटत नव्हती. मराठवाडा मुंबई राज्यात आला, उर्दू शाळा मराठी होऊ लागल्या आणि मास्तरांची वानवा पडली, म्हणून माझ्यासारखा कोकणातला माणूस तेरणेच्या काठी येऊन पडला. आमच्याकडे भूगोल शिकवणारे पैशाला पासरी होते, त्यामुळं तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

लाटांचं वेड मला लहानपणापासूनचं. आमच्या घरामागच्या पुळणीत, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मी बांबूचे खुंट ठोकायचो आणि वाळू किती चढली, किती उतरली ते त्यावर खुणेनं पाहायचो. आषाढात उंच लाटा वाळू ओढून नेतात, खालचे काळे खडक उघडे पडतात. नेलेली वाळू लांब जात नाही, जवळच पाण्याखाली ढीग होऊन बसते. पावसाळा सरला की लहान, संथ लाटा तीच वाळू थोडी थोडी करून पुन्हा काठावर आणतात. घरच्यांच्या मते हा रिकामटेकडेपणा होता. मला मात्र त्यात जी गोडी वाटली ती दुसऱ्या कशात वाटली नाही.

हे फळ्यावर खडूनं सांगून काय कळणार? म्हणून शाळेच्या विहिरीशेजारी गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद होता, तो मी मागून घेतला. एका बाजूला तेरणेतली वाळू उतरती रचली, दुसऱ्या बाजूला पाण्यात फळी धरून हलवली. फळी जोरात हाणली की वाळू खाली घसरायची, हळू हलवली की वर सरकायची. फळी तिरकी धरली तर वाळू काठाकाठानं एका कोपऱ्यात जमा व्हायची. पोरं हौदाभोवती गर्दी करायची. गुरं मात्र गढूळ पाण्याला तोंड लावीनात, त्यामुळं गुराख्यांनी मला बरंच ऐकवलं.

मुलांना नदी ठाऊक. नदीची वाळू पुरात गेली की गेली, ती खालच्या गावांची होते. गेलेली वाळू परत येते हे त्यांना काही केल्या पटेना. तेव्हा मी त्यांच्या घरातलंच उदाहरण दिलं. पंचमीला लेकी माहेरी येतात आणि पुन्हा सासरी जातात ना, तशी ही वाळू पावसाळ्यात माहेरी जाते आणि दसऱ्यानंतर परत येते. माझ्याच हुशारीवर मी खूश झालो होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "गुर्जी, पंचमीला गेलेल्या बाईला इतके दिस कोण ठिवून घेतंय? बाळंतपणाला गेली आसंल."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. माझी बायको ज्येष्ठात पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती.

ती माझ्याच किनाऱ्यावरची, दोन खाड्या पलीकडच्या गावातली. लग्नानंतर वर्षभर तेरला राहिली. घरमालकीण मनानं चांगली होती, ताक, भाजी आणून द्यायची. पण तिचं बोलणं हिला निम्मं कळायचं आणि हिचं अनुनासिक बोलणं ऐकून आळीतल्या बाया पदर तोंडाशी धरायच्या. हळूहळू तिनं दारात बसणंच सोडलं. मी शाळेतून आलो की ती विचारायची, आज काय शिकवलंत? मी सांगायचो, लाटा. मग ती चुलीकडं वळायची.

श्रावणात मुलगा झाल्याची तार आली. मी वर्गात गूळ वाटला आणि संध्याकाळी एकटाच जेवलो. त्यानंतर तिची पत्रं आली ती बाळाच्या तब्येतीची. परत येण्याविषयी त्यात अक्षर नसायचं. घर खायला उठायचं. मी उगाच शाळेत रेंगाळायचो, हौदातली वाळू सारखी करीत बसायचो.

दिवाळीआधी सहामाही परीक्षा झाली. पुळणीवरच्या वाळूची हालचाल सांगा, असा प्रश्न मीच काढला होता. सगळ्या वर्गानं एकमुखानं लिहिलं होतं की वाळू आषाढात बाळंतपणासाठी माहेरी जाते, माहेर पाण्याखाली जवळच असते, आणि दसऱ्यानंतर लहान लाटा तिला सासरी आणून पोहोचवतात. एकानं तर मोठ्या लाटा रागीट असून त्यांच्याबरोबर सून पाठवू नये, असंही जोडलं होतं. यात शास्त्र म्हणून चूक म्हणावं असं काहीच नव्हतं. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. मला ती हवी होती. इतकी हवी होती की पेपर तपासताना हात थांबत होता.

इकडं सुनेला आणायला सासरा जातो, नाहीतर दीर. मला वडील नव्हते आणि भाऊही नव्हता, म्हणून सुट्टी लागताच मीच निघालो. नवरा स्वतः जातोय म्हणजे बायकोला घेऊनच येणार, असं गावानं धरून चाललं. घरमालकिणीनं कधी परत येणार तेवढं विचारून घेतलं.

सासुरवाडीला पाहुणचार झाला. मुलगा माझ्याकडं बघून रडला, मग माझ्या खांद्यावर झोपला. ती सुधारली होती, मोठमोठ्यानं बोलत होती, शेजारणींना हाका मारत होती. तेरला मी तिचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधायला सांगितलं. ती बराच वेळ मुलाचे पाय चोळत राहिली.

"तुम्हांला तिथं बोलायला वर्गभर मुलं असतात," ती म्हणाली. "मला कोण होतं? मी नाही यायची. तुम्ही इकडं याल तेव्हा या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी समजूत तरी काढली असती. कोकणात मला नोकरी नव्हती आणि तेरला ती येणार नव्हती, एवढं दोघांनाही कळत होतं.

धाराशिवहून येणारी मोटार तेव्हा फाट्यावर सोडायची, पुढं गावापर्यंत चालत जायचं. मी उतरलो तर फाट्यावर घरमालकाची बैलगाडी उभी होती आणि गाडीभोवती माझा अख्खा वर्ग. बैलांची शिंगं रंगवलेली होती. तान्ह्या बाळाला दणके बसू नयेत म्हणून गाडीत कडबा पसरून त्यावर दोन गोधड्या अंथरल्या होत्या, आणि ऊन लागू नये म्हणून वर लुगड्याचं छत बांधलं होतं. माझ्यामागून कुणीच उतरलं नाही. मोटार निघून गेली. मुलं अजून मोटारीचं दार होतं त्या जागेकडंच बघत होती.

घरमालकानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझी पिशवी घेऊन गाडीत ठेवली.

"बसा, गुर्जी," ते म्हणाले.

मी चालतो म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. मग मी त्या गोधड्यांवर बसलो, आणि गाडी अगदी सावकाश, खाचखळगे चुकवत गावाकडं निघाली.