मालकिणीचा तोटा

तोटा झाला की लोक तोंड लपवतात. आमची मालकीण इस्त्रीची साडी नेसून इन्कमटॅक्सच्या वकिलाकडे जायची.

मालकीण म्हणजे माझी बायको. बमरोलीच्या कापड वसाहतीतले चार माग तिचे दागिने मोडून घेतलेले, म्हणून कागदोपत्री धंदा तिचा. मी नुसता नवरा. माझी शाळा तिसरीपर्यंत, तिची चौथीपर्यंत. त्या एका इयत्तेचा तोरा तिनं जन्मभर मिरवला.

यार्न महागलं, कापडाला भाव नाही, दोन वर्षं लागोपाठ तोटा. मी म्हणालो, "कमाईच नाही, तर रिटर्न कसलं भरायचं?" आख्ख्या गल्लीचं शहाणपण एवढंच होतं. ती म्हणाली, "तुमले काही समजस का? तोटा मुदतीत लिहून दिला, तर पुढच्या नफ्यातून वजा होतो." वकिलानं सांगितलं होतं ना. त्या दिवसापासून वकील देव आणि मी दगड.

वकील गुजराती. म्हणायचा, "बेन, अंदाजे आकडा चालेल." ही म्हणायची, "गेलं तेवढंच लिहा." आणि पिशवीतून सुतळीनं बांधलेल्या पावत्या काढायची. चहा मात्र त्याचाच प्यायची.

पुढच्याच वर्षी काविळीनं गेली. पंधरा दिवसांत. दवाखान्यात शेवटचं शुद्धीवर आली तेव्हा विचारलं काय, तर "रिटर्नची तारीख गेली का?" जेवलात का, हे नाही.

दहावं उरकलं आणि मी माग विकायला काढले. गावी जाऊन पडावं म्हटलं. वकील म्हणाला, "काका, बेनचा तोटा वारसाला मिळतो. पण हाच धंदा चालू ठेवला तर. माग विकले की तो गेला."

लोकांच्या बायका सोनं ठेवून जातात. हिनं तोटा ठेवला, तोही अट घालून. शिव्या देत मी माग चालवले.

मग बरे दिवस आले. दरवर्षी नफ्यातून थोडा तोटा वजा व्हायचा, टॅक्स शून्य. कागदावर तिचं नाव, पुढे 'यांचा मागील तोटा'. वकील वाचायचा, मी ऐकायचो.

तिसऱ्या वर्षी तो खुशीत म्हणाला, "काका, सगळा वजा झाला. बेनचं काही बाकी नाही."

मी कागद उलटसुलट पाहिला. तिचं नाव कुठंच नव्हतं.

"थोडा ठेवायचा होता की," मी म्हणालो. "शंभर रुपयांचा तरी."