गाडीच्या खोडी फक्त मलाच ठाऊक

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमची गाडी सेकंड हँड, दोन लाख किलोमीटर ओलांडलेली. खर्च नको म्हणून मी तिच्या खोडी सांभाळून घेत आलो. चालू झाली नाही की बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलवर पान्यानं हळूच ठोकायचं. ड्रायव्हरचा दरवाजा बाहेरून उघडत नाही, तर पलीकडून आत शिरायचं. एवढ्या कमी खर्चात गाडी चालवतो, याचा मला अभिमानच होता.

आज कंपनीत होतो, गाडी केडगावला घरीच होती. बायकोचा फोन आला. "आबांना चक्कर आलीय, घाम फुटलाय. आन् गाडी चालूच होईना."

तिला गाडी चांगली चालवता येते. मी फोनवर सांगत राहिलो, पाना कुठं आहे, कुठं ठोकायचं, किती जोरात. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या," आणि फोन ठेवला.

शेजाऱ्यांच्या पिकअपमधून तिनं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दवाखान्यात नेलं. साखर कमी झाली होती. आता बरे आहेत.

संध्याकाळी घरी येऊन गाडी ठोकून चालू केली आणि यवतच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींकडं नेली. टर्मिनल आणि दरवाजाचं हँडल बदलायला तासभर पुरला. मी म्हणालो, "एवढंच होतं?"

"दोन वर्षं खोडी सांगताय," ते म्हणाले. "दुरुस्त करा, असं कवा म्हणला?"

घरी येऊन चावी बायकोच्या हातात दिली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

"आज झाली ही घरची गाडी," ती म्हणाली.

तुमच्या गाडीच्या किती खोडी फक्त तुम्हालाच ठाऊक आहेत?