पाचवं बोट

पत्रकात मी सगळ्यांची नावं घेते. ठेकेदाराचं घेते, गप्प बसणाऱ्या साहेबाचं घेते — ठळक अक्षरांत. एक नाव मात्र आजवर एकाही पत्रकात आलेलं नाही. ते माझं. ते का यायला हवं होतं, हे आज तुम्हाला सांगते.

शिरूरला लेझर कटिंगच्या दुकानात मी डिझाइन करते. लोक व्हॉट्सॲपवर लोगोचा फोटो पाठवतात, मी त्याच्या कडा रेषांमध्ये बदलते. मशीनला चित्र कळत नाही, रेष कळते. रेष जाईल तिथं ते कापतं. सुट्टीच्या दिवशी कुरकुंभच्या कंत्राटी कामगारांच्या समितीची पत्रकं लिहिते. ‘घाबरू नका, खरं बोला’ — हे वाक्य किती वेळा छापलं असेल मी?

नामदेवमामा त्या समितीचे. केमिकल प्लान्टच्या मिक्सरमध्ये त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून गेलं. ठेकेदार म्हणाला, कंपनीत नाही, घरी कडबाकुट्टीत गेलं. कागदोपत्री अपघात झालाच नाही. मामांकडे पुरावा उरला तो हात. समितीच्या बिल्ल्यासाठी त्यांनी तोच दिला — कागदावर उजवा पंजा ठेवून डाव्या हातानं भोवती पेन फिरवलेला. रेष थरथरलेली. एका बोटाची जागा मोकळी.

त्या कागदाचा फोटो मला आला, त्यात सावली पडली होती. सॉफ्टवेअरनं आपोआप काढलेली कड दातेरी आली. एकेक बिंदू हातानं बसवायला हवा होता. मी कंटाळले — असं इतके दिवस स्वतःलाच सांगत आले. पण कंटाळा होता का तो? नव्हता. मला तो हात विद्रूप वाटला. मोर्चात, छातीवर, पेपरातल्या फोटोत बरा दिसणार नाही — असं वाटलं. मला! इंटरनेटवरचा एक तयार पंजा उचलला. गुळगुळीत, पाच बोटांचा. ॲक्रिलिकचे साठ बिल्ले कापले.

मामांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. “ताई, ह्ये बोट कुठनं आलं?”

मी म्हणाले, लेझरला तशी खाच जमत नाही, प्लास्टिक तडकतं. आदल्याच दिवशी त्याच मशीनवर मी लग्नाच्या पाटीतल्या नवरीच्या नथीचे मोती कापले होते.

“आसंल बाबा,” मामा म्हणाले. “मशीनचं मशीनला ठावं.”

मग दौंडला तहसील कचेरीसमोर बसलो. मागणी एकच — मामांचा अपघात कंपनीत झाला अशी नोंद करा. साठ छात्यांवर साठ पंजे. ठेकेदाराचा सुपरवायझर गर्दीतून सरळ मामांपुढं आला आणि त्यांच्या बिल्ल्यावर टिचकी मारली.

“मामा, हितं तर पाची बोटं शाबूत हायत की! का पुन्यांदा उगवलं?”

मागं कुणीतरी हसलं. आमच्यातलंच.

माइक माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं — चित्र मी बदललं, मामांनी नाही. तोंड उघडलं, आणि काय केलं मी? घोषणा दिली. घसा फुटेस्तोवर.

त्या गोंगाटातही मामांचं बोलणं मला ऐकू आलं. ते त्या माणसाला समजावत होते — “न्हाई वो, मशीनला जमत न्हाई तसं. पोरीचा काय दोस न्हाई.” बोलता बोलता त्यांनी उजवा हात खिशात घातला. दाखवायला आणलेला हात.

दुसऱ्या दिवशी दुकानात मामांच्या कागदाचा फोटो पुन्हा उघडला. बिंदू बसवले. समोरचा चहा निवायच्या आत पंजा तयार झाला — चार बोटांचा, मधली जागा मोकळी. ती फाइल कॉम्प्युटरमध्येच आहे. ती कापली, तर मशीनला जमतं हे मामांना कळेल.

नोंद अजून झालेली नाही. समितीच्या फोटोत मामा आता उजवा हात पाठीमागं धरून उभे राहतात.

गेल्या आठवड्यात नव्या सभासदांसाठी आणखी चाळीस बिल्ले हवे होते. मी कापले.

पाच बोटांचे.